स्ट्यूच्या पातेल्याचा जमाखर्च

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राचा अभ्यासवर्ग भरवावा आणि त्यात गोमांसाच्या स्ट्यूची चर्चा करावी, हे काही जणांस विचित्र वाटेल. महागाई, मजुरी, रेशन हे अशा वर्गांचे नेहमीचे विषय. स्वयंपाकघर हा त्यांच्या बाहेरचा प्रांत आहे, अशी समजूत चळवळीतही खोलवर रुजलेली दिसते. परंतु मजुरीचा प्रश्न अखेर पातेल्यात काय शिजते येथेच येऊन ठेपतो. आणि स्ट्यू हा तर असा पदार्थ आहे की, त्याच्या एका पातेल्यात दोनशे वर्षांच्या वादाचा अर्क उतरलेला आहे.

वाद असा. जनावराचा जो भाग स्वस्त मिळतो तो चिवट असतो. तो खाण्याजोगा करायचा तर त्याला मंद आच आणि पुष्कळ वेळ लागतो. म्हणजे स्ट्यूची किंमत तीन ठिकाणी भरावी लागते : खाटकाच्या दुकानी, जळणाच्या वखारीत आणि चुलीपाशी. यांपैकी पहिली तेवढी हिशेबाच्या वहीत चढते. दुसरी अर्धीमुर्धी चढते. तिसरी कधीच चढत नाही, कारण ती बहुधा घरातल्या स्त्रीच्या वेळातून वळती झालेली असते. गरिबांना काटकसरीने शिजवायला शिकवणारे जे जे उपदेशक युरोपात होऊन गेले, त्यांतील बहुतेकांनी फक्त पहिल्या रकमेकडे पाहिले आणि मग गरीब लोक स्ट्यू का शिजवत नाहीत म्हणून कपाळाला आठ्या घातल्या.

हा हिशेब नीट समजायचा तर आधी पातेल्यात काय घडते ते पाहिले पाहिजे. जनावर ज्या स्नायूंनी चालते, मान उचलते, भार ओढते, त्या स्नायूंत तंतूंना बांधून ठेवणारी जोडऊती अधिक असते. पायाच्या नळीभोवतीचे, खांद्याचे, मानेचे आणि छातीचे मांस म्हणूनच चिवट. या ऊतीतील मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजेन. पाठीच्या कण्यालगतचे मऊ मांस फारसे काम करीत नाही. ते तव्यावर दहा मिनिटांत होते आणि त्याचा भाव त्याच कारणाने चढा असतो. ज्या अवयवाने कष्ट केले तो स्वस्त आणि जो आरामात राहिला तो महाग, हा खाटकाच्या दुकानातला न्याय पाहून कोणास हसू आले तर त्यात नवल नाही.

मांस तापू लागले की ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास त्याचे तंतू आकसतात आणि आतले पाणी बाहेर टाकतात. म्हणून स्ट्यू चढवल्यानंतर पहिल्या तासाभरात तुकडा काढून चाखला, तर तो कच्च्याहूनही अधिक चिवट लागतो. नवशिक्या स्वयंपाक्याचा धीर येथेच सुटतो. तो आच वाढवतो आणि मांसाचे दोरे करून ठेवतो. वास्तविक कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होण्याची क्रिया ७० अंशांच्या वर हळूहळू सुरू होते, आणि ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान पाणी जेमतेम हलत ठेवले, तर अडीच ते तीन तासांत ती पुरी होते. मग तोच तुकडा चमच्याने तुटतो, आणि रश्श्याला तो ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा येतो. हा दाटपणा पिठाने आणता येत नाही.

कृती अवघड नाही. नळीचे किंवा खांद्याचे एक किलो मांस घ्यावे, त्याचे दीड-दोन इंची तुकडे करावेत. लहान तुकडे शेवटी विरघळून जातात. तुकडे फडक्याने कोरडे टिपून, मीठ लावून, जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या चरबीवर किंवा तेलावर थोडे थोडे घालून सर्व बाजूंनी तांबूस-तपकिरी होईपर्यंत परतावेत. सगळे एकदम घातले तर त्यांना पाणी सुटते आणि ते परतण्याऐवजी उकडतात. परतल्याने मांसातला रस आत कोंडला जातो, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रतिपादले आणि ते अनेक पाकपुस्तकांत आजही छापले जाते. ते चूक आहे. रस कोंडला जात नाही. मात्र १४० अंशांच्या वर मांसाच्या पृष्ठभागी जी रासायनिक क्रिया होते, तिने खमंगपणा येतो, आणि तेवढ्यासाठी हा खटाटोप करणे योग्यच आहे.

मांस काढून त्याच भांड्यात दोन मोठे कांदे परतावेत, दोन चमचे कणीक किंवा मैदा भुरभुरावा, पाणी घालून तळाशी चिकटलेली खरवड उलथन्याने सोडवून घ्यावी. स्ट्यूचा निम्मा स्वाद या खरवडीत असतो. मांस परत घालावे, ते बुडेल इतके पाणी किंवा हाडांचे अळणी घालावे, मिऱ्याचे दाणे आणि तमालपत्र टाकावे, एक कढ आणावा आणि आच अगदी मंद करावी. झाकणीवर पाणी ठेवून शिजवण्याची आपल्याकडची रीत येथेही उपयोगी पडते. आटलेल्या रश्श्यात तेच ऊन पाणी घालता येते. बटाट्यांचा अर्धा वाटा मांसाबरोबरच घालावा, म्हणजे तो विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. उरलेले बटाटे आणि गाजरे शेवटच्या पाऊण तासात घालावीत. टोमॅटो किंवा व्हिनेगर आवडत असेल तर ते भाज्या शिजल्यावर घालावे, कारण आंबटपणाने बटाटे निबर राहतात. शिजलेला स्ट्यू दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागतो हे खरे; पण आपल्या हवेत तो रात्रभर उघड्यावर ठेवू नये.

इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरात याच धर्तीवर शिजणारा स्ट्यू ‘स्काउस’ म्हणून ओळखला जातो. उत्तर युरोपच्या खलाशांच्या ‘लॉब्सकाउस’ या पदार्थाचे ते आखूड झालेले नाव. गोमांस किंवा मेंढीचे मांस, बटाटे, कांदे, गाजरे, एवढाच ऐवज. हा पदार्थ तेथील गोदी कामगारांच्या घरांशी इतका एकरूप झाला की, लिव्हरपूलच्या माणसालाच ‘स्काउसर’ म्हणू लागले. आणि या पदार्थाचा एक धाकटा भाऊही आहे, ‘आंधळा स्काउस’. आठवड्याच्या शेवटी पैसे संपले की, मांस वगळून केलेला तो स्काउस. पातेले तेच, चूल तीच, नावही तेच. फक्त मांस नाही. दारिद्र्याची इतकी नेमकी व्याख्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

ही उतरंड एंगल्स यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडातील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथात नोंदवून ठेवलेली आहे. ज्या कुटुंबात सर्वजण कमावते असतात तेथे मांस रोज असते. मजुरी घटली की ते आठवड्यातून दोन-तीनदा येते. आणखी खाली बटाट्यांत चिरून घातलेला खारवलेल्या डुकराच्या मांसाचा लहानसा तुकडा उरतो. त्याच्याही खाली तोही जातो. आणि सर्वांत तळाच्या आयरिश मजुराकडे नुसते बटाटे राहतात. पुढे शीतगृहयुक्त जहाजे आली. १८८० साली ‘स्ट्रॅथलेव्हन’ हे जहाज ऑस्ट्रेलियातून गोठवलेले गोमांस घेऊन लंडनला पोचले आणि त्यामागून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अर्जेंटिनातील मांसाचा ओघ सुरू झाला. मांस स्वस्त झाले. जळण आणि वेळ यांना मात्र शीतगृहाचा काही उपयोग नव्हता.

आता उपदेशकांकडे वळू. त्यांतला सर्वांत बुद्धिमान म्हणजे बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड. जन्माने अमेरिकन, बव्हेरियाच्या सेवेत असलेल्या या शास्त्रज्ञाने १७९० साली म्यूनिक येथे भिकाऱ्यांसाठी उद्योगगृह काढले आणि तेथे सातू, वाटाणे आणि बटाटे यांचे सूप शिजवले. मांस नव्हतेच. एका बाबतीत त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे : जळण हा अन्नाच्या किमतीचा भाग आहे हे त्याला पुरते उमगले होते, आणि कमी लाकडांत शिजावे म्हणून त्याने बंदिस्त चुली बांधल्या. पण त्याचे निबंध इंग्लंडात पोचले तेव्हा त्यांचा उपयोग निराळाच झाला. मार्क्स यांनी ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात रम्फर्डची एक पाककृती हिशेबासकट उद्धृत करून तिचा कडवट उपहास केला आहे. सातूचे पीठ, मका, तीन पेन्सचे हेरिंग मासे, व्हिनेगर, मिरी. एकूण खर्च पावणेएकवीस पेन्स आणि जेवणारी माणसे चौसष्ट. उपहासाचे कारण वैयक्तिक नव्हते. कामगाराला जगण्यास जे लागते त्यावर मजुरी ठरत असेल, तर ते ‘जे लागते’ स्वस्त करण्याची प्रत्येक युक्ती अखेर मजुरी कमी करण्याची युक्ती ठरू शकते. पुढे अन्नातली भेसळ इतकी वाढली की, रम्फर्डच्या पाककृतीचीही गरज उरली नाही, असा टोलाही मार्क्स यांनी त्याच ठिकाणी हाणला आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या युक्तिवादाचा अतिरेकही होऊ शकतो. चांगले, स्वस्त आणि पोषक शिजवणे हे काही भांडवलदारांचे कारस्थान नव्हे. नळीचे मांस मऊ करण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या कष्टकरी स्त्रियांनीच जोपासली. ती काउंट मंडळींनी शोधून काढलेली नाही. आक्षेप विद्येला नाही. जिच्याकडे चूल नाही, भांडे नाही आणि तीन तास नाहीत, तिला ही विद्या वरून शिकवण्याला आहे.

१८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळात लंडनच्या रिफॉर्म क्लबचा प्रख्यात आचारी अलेक्सिस सोयर डब्लिनला गेला आणि त्याने मोठे अन्नछत्र उभारले. त्याच्या सूपाच्या एका कृतीत दोन गॅलन पाण्यास, म्हणजे नऊ लिटरांस, अवघे पाव पौंड गोमांस होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर टीका केली आणि ती योग्यच होती. मात्र त्याच्या संघटनकौशल्याने हजारो भुकेल्यांपर्यंत रोज काहीतरी ऊन पोचले, हेही नाकारता येत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या माजी आचाऱ्याने, फ्रँकाटेली याने, १८५२ साली कामगारवर्गासाठी पाकपुस्तक लिहिले. त्याने निदान प्रारंभीच लागणाऱ्या भांड्यांची आणि चुलीची यादी किमतींसह दिली. ती वाचताना कामगाराच्या बायकोच्या तोंडून काय निघाले असेल याची कल्पना करता येते.

कल्पनेवर विसंबण्याचे मात्र कारण नाही, कारण साठ वर्षांनी खुद्द या बायकांनीच आपला हिशेब लिहून ठेवला. १९०९ ते १९१३ या काळात फेबियन विमेन्स ग्रुपच्या कार्यकर्त्या लंडनातील लँबेथ भागातील मजुरांच्या घरी आठवड्यामागून आठवडे जात राहिल्या. ही कुटुंबे अगदी तळाची नव्हती. नवरा नियमित कामावर, मिळकत आठवड्याला एका पौंडाच्या आगेमागे. बायकांनी प्रत्येक पेनी कशावर गेली ते मांडावे अशी विनंती करण्यात आली. काहींना लिहिता येत नव्हते. त्यांनी मुलांकडून किंवा नवऱ्याकडून लिहवून घेतले. यातून मॉड पेम्बर रीव्ह्ज यांनी १९१३ साली ‘राउंड अबाउट अ पाउंड अ वीक’ हे पुस्तक सिद्ध केले. त्यांचे पती त्या वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. पण त्या संस्थेतील कित्येक व्याख्यानांपेक्षा या पातळ पुस्तकात अधिक अर्थशास्त्र आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मध्यमवर्गीय सद्‌गृहस्थ तेव्हा विचारत असत : या बायका पाव का खाऊ घालतात? पौष्टिक लापशी, सूप, स्ट्यू का करीत नाहीत? पुस्तकाने दिलेले उत्तर भावनेचे नव्हते, सामानाचे होते. एक किटली, एक तवा आणि दोन पातेली, तीही करपलेली. बहुतेक घरांत एवढाच संच. जळण म्हणजे थोडा थोडा आणलेला कोळसा, किंवा खाचेत पेनी टाकली की चालू होणारा गॅसचा मीटर. त्या काळी लंडनातील गरीब वस्त्यांत अशा मीटरवरच गॅस मिळे. आता स्ट्यूला लागणाऱ्या तीन तासांचा विचार करा. ज्या एकाच शेगडीवर मुलांचे पाणी तापायचे, कपडे उकळायचे, नवऱ्याचा चहा व्हायचा, ती शेगडी तीन तास एका पातेल्याने अडवून ठेवायची. पेनी संपली की ज्योत विझणार आणि मांस ऐन चिवटपणाच्या टप्प्यावर अडकून पडणार. पाव मात्र भट्टीवाल्याने आपल्या जळणावर भाजलेला असतो. त्याला भांडे लागत नाही, चूल लागत नाही, आणि तो मुलाच्या हातात देता येतो. म्हणून पाव. आणि मांस आणले तरी ते मुख्यतः नवऱ्यासाठी, कारण त्याच्या अंगातली ताकद गेली तर तो पौंडही गेला. बायको आणि मुले रश्श्यात पाव बुडवून घेत. त्यांचा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. त्यांच्याजवळची साधने पाहता त्यांनी खर्च किमान ठेवला होता. कोणत्याही कारखानदाराचे आपण यासाठी कौतुक केले असते.

मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९३४ साली गृहोत्पादनाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहून एक साधी कसोटी मांडली : जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येईल, ते घरातल्या माणसाने केले तरी उत्पादनच होय. स्ट्यू खाणे हे उपभोगात मोडते. स्ट्यू ढवळणे हे उत्पादनात. १९६५ साली गॅरी बेकर यांनी वेळेच्या वाटपाचा सिद्धान्त मांडला तेव्हा कोठे ही गोष्ट अर्थशास्त्राच्या मुख्य दालनात आली, आणि तीही समीकरणांचा पोशाख चढवून.

व्यवहारात या तीन रकमांचा एकत्र विचार झाला तो युद्धाच्या रेट्याने. ब्रिटनमध्ये ११ मार्च १९४० पासून मांसाचे रेशन सुरू झाले, आणि ते वजनावर नव्हते, किमतीवर होते. माणशी आठवड्याला १ शिलिंग १० पेन्सचे मांस. पुढे ते १ शिलिंग २ पेन्सच्या आसपास आले. साखर आणि लोणी मोजून मिळे, मांस मात्र पैशांत. यातील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. तेवढ्याच हक्कात कोणी कण्याजवळच्या मऊ मांसाचा लहानसा तुकडा घ्यावा, कोणी नळीचे भरपूर मांस घ्यावे. जनावराचा कोणताही भाग पडून राहत नाही आणि स्ट्यू करणाऱ्या घराच्या ताटात अधिक मांस पडते. वेळ लावणाऱ्याला त्याचा मोबदला मांसाच्या रूपाने मिळाला.

परंतु तीन तास आणायचे कोठून? स्त्रिया तर दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेलेल्या. यावर दोन तोडगे निघाले. एक घरगुती : गवताची पेटी. लाकडी पेटीत किंवा खोक्यात सर्व बाजूंनी वाळलेले गवत घट्ट दाबून भरायचे, मधोमध पातेल्याच्या मापाची जागा ठेवायची. स्ट्यूला वीस-पंचवीस मिनिटे सणसणीत उकळू द्यायचे आणि पातेले झाकणासकट त्या घरट्यात ठेवून वरून गवताची उशी दाबायची. उष्णता बाहेर जायला वाट नाही. जळण न लागता स्ट्यू पाच-सहा तास आपल्या आपण शिजत राहतो. संध्याकाळी पुन्हा एक कढ आणला की झाले. हा कढ चुकवू नये, कारण कोमट अन्नात जंतू वाढतात. सरकारच्या अन्नखात्याने या पेटीचा प्रचार केला. आपल्याकडे याच जातीची कल्पना बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकरच्या रूपाने आणली. थोड्या कोळशावर चढवून कामाला निघून जावे आणि परत येऊन जेवावे.

दुसरा तोडगा सार्वजनिक होता. सामुदायिक भोजनकेंद्रे असे कोरडे नाव असलेल्या खानावळी निघाल्या. चर्चिल यांना ते नाव रुचले नाही म्हणून त्या ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ झाल्या. १९४३ पर्यंत त्यांची संख्या दोन हजारांवर गेली होती. साधारण ९ पेन्समध्ये पोटभर जेवण, आणि ताटात बहुधा एखादा स्ट्यूच. एका मोठ्या हंडीत शंभर माणसांचे मांस शिजवायला शंभर शेगड्यांपेक्षा किती कमी जळण आणि किती कमी तास लागतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. मांसाचे रेशन ४ जुलै १९५४ रोजी संपले, आणि या खानावळीही हळूहळू बंद पडत गेल्या. चवीबद्दल तक्रारी होत्याच, आणि त्या सर्वस्वी खोट्या नव्हत्या.

या सगळ्याला आता इतिहास म्हणता आले असते. पण २०२२ साली विजेचे व गॅसचे दर भडकले, तेव्हा त्याच ब्रिटनमध्ये हा हिशेब पुन्हा उघडला गेला. मार्च महिन्यात एका सुपरमार्केट साखळीच्या प्रमुखाने रेडिओवर सांगितले की, धान्यपेढ्यांवर येणारी काही माणसे बटाटे व कंदमुळे नको म्हणतात, कारण ती उकडण्याचा खर्च त्यांना झेपत नाही. मांस दूरच, फुकट मिळालेला बटाटा परवडत नव्हता. आणि दोनच महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, सत्ताधारी हुजूर पक्षाच्या एका खासदाराने पार्लमेंटात सांगितले की, लोकांना नीट शिजवता येत नाही आणि घरखर्चाचा मेळ घालता येत नाही; दिवसाला ३० पेन्समध्ये जेवण होऊ शकते. काउंट रम्फर्डचा आत्मा त्या दिवशी सुखावला असेल.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने निषिद्ध होती. १९९५ च्या दुरुस्ती विधेयकाला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र खाजगी जीवनाच्या हक्काच्या आधारे रद्द केले. त्या बंदीच्या बऱ्यावाईटाची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. येथे एवढेच नोंदवायचे की, मोठ्या जनावराचे मांस हे दलित, मुसलमान आणि ख्रिस्ती वस्त्यांतील स्वस्त मांस होते. त्यातले उरले ते म्हशी-रेड्याचे, तेही पुष्कळदा वय झालेल्या जनावराचे. आणि वयाबरोबर कोलॅजेन अधिक घट्ट विणले जाते. म्हणजे पातेल्यातले तास वाढले.

या तासांवरचा इलाजही मुळात गोमांसासाठीच निघाला होता, हे अनेकांस ठाऊक नसेल. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून शिजवणारे भांडे मांडले. हाडे मऊ करावीत, म्हाताऱ्या गाईचे निबर मांस कोवळ्या मांसासारखे व्हावे, आणि गरिबांना ते कमी कोळशात मिळावे, हा त्याचा हेतू त्याने पुस्तिकेत लिहून ठेवला. त्या भांड्याचा वंशज म्हणजे आपल्या ओट्यावरचा प्रेशर कुकर. कोंडलेल्या वाफेत उष्णता १२० अंशांपर्यंत जाते आणि तीन तासांचे काम पाऊण तासावर येते. रश्श्याचा तो संथ दाटपणा थोडा कमी पडतो; पण सिलिंडर संपत आलेल्या घराने त्याची खंत करू नये. गॅसची जोडणी मिळाली म्हणून पुढचा सिलिंडर आपोआप भरून येत नाही, हे वस्त्यांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांस सांगावयास नको.

राहिला वेळ. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, आणि पुरुष ९७ मिनिटे. पुरुषांचा हा आकडाही केवळ जे घरकामात भाग घेतात त्यांचा आहे. जे घेतच नाहीत ते या सरासरीत येतही नाहीत.

कार्यकर्ते वस्त्यांतून कौटुंबिक खर्चाच्या पाहण्या करतात, तेव्हा नमुन्यात ‘मांस-मासळी’ असा रकाना असतो आणि त्यापुढे रुपये लिहिले जातात. त्याला लागून दोन रकाने आखावेत : ते शिजवायला जळण किती लागले, आणि चुलीशी कोण किती वेळ होते. माहिती घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारू नये. त्याला ती नसते. लँबेथप्रमाणे वही त्या बाईच्याच हाती द्यावी, आणि तिला लिहिता येत नसेल तर तिच्या शब्दांत मुलाकडून लिहवून घ्यावी. पाहणीला जाताना वेळ मात्र विचारून जावे. संध्याकाळी सातला गेल्यास ती कुकरच्या शिट्या मोजत असते.